बुटकं स्टूल

ही गोष्ट खरी आहे अशी शपथ मी घेणार नाही. शपथा स्वस्त असतात.

एवढंच सांगते, की हे माझ्या सख्ख्या वैजूमावशीच्या बाबतीत घडलं, आणि मावशीला मी लहानपणापासून ओळखते. ती खोटं बोलत नाही असं नाही. पण फायदा असेल तरच बोलते. ही गोष्ट सांगून तिला आजवर कसलाही फायदा झालेला नाही.

तारीख २४ नोव्हेंबर २००४, बुधवार. जागा इंग्लंडातल्या बेडफर्डशरमधलं लोअर पेंडन नावाचं चिमुकलं गाव. रात्र म्हणाल तर रात्रही नव्हती. दुपारचे जेमतेम चार वाजत होते.

पण नोव्हेंबरात तिकडे चारला अंधारतं.

आधी मावशीला यातून काय मिळायचं होतं ते सांगते, म्हणजे ती तिथे का बसली ते कळेल.

मावशीचं माहेर इचलकरंजीचं. डॉक्टर रघुवीरांशी लग्न करून ती लेस्टरला आली, तिथे हॉस्पिटलच्या ओळखीपाळखीत आणि बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांतल्या भाजीत तिचा जन्म गेला. काका वारले आणि घर एकदम मोठं झालं. एकुलता एक मुलगा मिहीर जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारा आर्किटेक्ट. त्याने बायकोसह लोअर पेंडनमध्ये एक कॉटेज घेतलं. बायको अनुया, लंडनच्या हॅरोत जन्मलेली, शाळेत गणित शिकवणारी. त्या नोव्हेंबरात तिला सातवा महिना लागला होता.

दिवस राहिल्याचं कळताच मावशीने दोनदा सुचवून पाहिलं होतं, की घरात तान्हं बाळ असताना मोठं माणूस लागतं.

अनुया म्हणाली, "आई, तुम्हाला गावात फार बोअर होईल हो."

वाक्याच्या शेवटी 'हो' लावून नकार कसा द्यायचा, हे त्या हॅरोच्या पोरीला कोणी शिकवलं देव जाणे. मावशी ते बरोबर समजली. दारातून प्रवेश नाही, मग खिडकी शोधायची.

खिडकी मिळाली ती लेसशाळेची.

त्या भागातल्या गावांत पूर्वी घरोघरी बायका लेस करत. सुईची नव्हे, क्रोशाची नव्हे. मांडीवर गच्च भरलेली गोल उशी घ्यायची, तिच्यात टाचण्या खोचायच्या, आणि दोऱ्यांच्या टोकांना बांधलेल्या हाडाच्या कांड्या, म्हणजे बॉबिन, एकमेकींवरून टाकत जायच्या. टक टक... टक टक. दिवसभर टाकल्या की बोटभर लेस. मशिनं आली आणि हा धंदा बसला. राहिली ती गावाच्या टोकाला एक बसकी दगडी इमारत. खाली एक खोली, वर एक खोली. तीच लेसशाळा.

एका ट्रस्टने तिचं हेरिटेज सेंटर करायचं ठरवलं. काम मिहीरकडे आलं. छप्पर झालं, खिडक्या झाल्या, माहितीचे फलक झाले. लेस करून दाखवणारी बाई तेवढी मिळेना. गावात जिवंत लेसवाली एकच, मिसेस ओडेल, वय ब्याऐंशी, बोटं संधिवाताने वाकलेली. ती शिकवायला तयार होती, पण गावातल्या तरुण मुली बेडफर्डला सुपरमार्केटात कामाला जात.

मावशीने विचारलं, जी बाई करून दाखवेल तिला ट्रस्ट काय देईल?

मिहीर म्हणाला, वरची खोली. राहायला.

वरच्या खोलीच्या खिडकीतून मिहीरच्या कॉटेजचं धुराडं दिसायचं.

मावशीचा क्रोशा लेस्टरभर नावाजलेला. महाराष्ट्र मंडळात असं एकही टीव्ही-कव्हर नसेल ज्याला तिचा हात लागला नाही. शिवाय ट्रस्टला पैसे देणाऱ्यांना सर्व समाजांचा सहभाग हवा होता, आणि सहभागी व्हायला लोअर पेंडनमध्ये दुसरा समाजच नव्हता. तर अशा रीतीने इंग्लंडचा वारसा सांभाळायला शेवटी इचलकरंजीची बाई आली. उन्हाळाभर ती बसने मिसेस ओडेलकडे जाऊन शिकली. ऑक्टोबरअखेर वरच्या खोलीत राहायला आली.

अनुयाने नव्या चादरी आणून दिल्या. तोंडावर हसू होतं. गणिताची शिक्षिका. आपण हरलो हे तिला कळलं होतं.

एकच अट होती. २५ नोव्हेंबर हा लेसवाल्या बायकांचा जुना सण. त्या दिवशी उद्घाटन. तोवर मावशीने केलेली हातभर लेस काचेखाली ठेवायला तयार पाहिजे. नाही झाली, तर ट्रस्ट नॉटिंगहॅमहून कुणाला तरी आणेल. खोलीही तिलाच.

मावशीचा वेग म्हणजे आठवड्याला बोटाचं एक पेर.

आता त्या खालच्या खोलीबद्दल.

मधोमध एक उंच तिवई. तिच्यावर एक मेणबत्ती. भोवती पाण्याने भरलेले काचेचे पाच गोळे. मेणबत्तीचा उजेड गोळ्यातून गेला की पलीकडे रुपयाएवढा लख्ख ठिपका पडतो. त्या ठिपक्यात उशी धरायची आणि काम करायचं. एक मेणबत्ती, पाच ठिपके, पाच बायका. गरिबीने काढलेली युक्ती.

तिवईभोवती पाच स्टुलं गोलाकार मांडलेली.

आणि बाजूला, भिंतीजवळ, एक बुटकं स्टूल.

मावशीला तो पाय ठेवायचा पाट वाटला. मिसेस ओडेलने सांगितलं, ते लहान मुलीचं. दोरे भरायला आणि शिकायला एक लहान मुलगी असायची. पाच वर्षांची झाली की बसवायचे.

मावशी त्यावर चहाचा मग ठेवू लागली.

ट्रस्टची इच्छा होती, की उद्घाटनाला मेणबत्तीच्या उजेडातच लेस करून दाखवावी. म्हणून मिसेस ओडेलने मेणबत्तीचा नियमही सांगितला. शाळेची मास्तरीण कडक असे. मेणबत्ती पेटली की कोणी उठायचं नाही. काम संपलं की जिने लावली तिनेच ती फुंकायची. फुंकर मारली की सुट्टी. फुंकर नाही तर सुट्टी नाही.

म्हातारीने हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मावशीचं मनगट धरून.

"फुंकायची हं, वैजयंती. विसरायचं नाही."

मावशी हो म्हणाली. मनात म्हणाली, शिव शिव.

तुम्ही-आम्ही जाणतो. दिवा तोंडाने फुंकत नाहीत. दिव्याला उष्टा वारा लावत नाहीत. 'विझव' असंसुद्धा म्हणत नाहीत, 'शांत कर' म्हणतात. मावशीने पन्नास वर्षं रोज दिवेलागणीला दिवा लावला होता आणि एकदाही फुंकला नव्हता. आता म्हातारपणी एका गोऱ्या मास्तरणीसाठी फुंकणार?

तिने लेस्टरहून स्टीलची एक वाटी आणली होती. पहिल्या दिवशी साडेतीनला तिने मेणबत्ती लावली, सवयीने हात जोडले, तासभर काम केलं, आणि उठताना ज्योतीवर वाटी पालथी घातली.

दिवा शांत.

ती वर गेली. चहा टाकला.

आणि खालून आवाज आला...

टक टक.

टक टक... टक टक.

मावशीला वाटलं उंदीर. जिना उतरून खाली आली. दार उघडलं.

आवाज नाही. अंधार. मेणबत्तीवर वाटी तशीच पालथी.

सकाळी पाहिलं तर उशीवरची लेस पुढे गेलेली.

फार नाही. बोटभर.

आता इथे दुसरी कोणी असती तर मिहीरला हाक मारून सामान बांधलं असतं. मावशीने चष्मा लावला आणि लेस नीट पाहिली. तिच्यापेक्षा सरस होती. टाका एकसारखा, काठ ताणलेला, कुठे गाठ नाही. पण वळण चुकत होतं. मावशी सरळ पट्टी करत होती, आणि ही किंचित वाकत होती.

तिने मनाशी म्हटलं, आपणच केली असेल. तंद्रीत.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मेणबत्ती लावली. पुन्हा वाटी घातली.

पुन्हा बोटभर.

तिसऱ्या दिवशी केर काढायला तिने सगळी स्टुलं भिंतीला लावली होती. संध्याकाळी वाटी घालून ती वर गेली, आवाज सुरू झाला, पाय न वाजवता खाली आली. स्टुलं तिवईभोवती गोल होती.

खोलीत ओल्या लोकरीचा वास होता. आणि निखाऱ्यांचा. त्या खोलीत चूल नाही.

मावशीने एका स्टुलाच्या बैठकीवर हात ठेवला...

गरम होती.

कोणीतरी आत्ताच उठावं, तशी गरम.

एकेक करत तिने पाचही पाहिली. चार गरम. पाचवं, तिचं स्वतःचं, गार.

मला हे सांगताना मावशी इथे थांबली आणि पदर सारखा करू लागली. मी विचारलं, मग तू काय केलंस?

तिने जे केलं ते ऐकून मला भुतांपेक्षा मावशीचीच जास्त भीती वाटली. तिने बॉबिनवर नवा दोरा भरून ठेवला. टाचण्यांची डबी उघडी ठेवली. कारागिरांना सामान कमी पडायला नको.

फुकट राबणारे हात मिळाले तर आपल्यातलं कोण त्यांना नावं विचारतं?

उद्घाटनाच्या चार दिवस आधी मिसेस ओडेल लेस बघायला आली. बराच वेळ बघत राहिली. वाकलेल्या बोटाने काठ चाचपला. मग मान वर न करता विचारलं, "मेणबत्ती फुंकतेस ना गं?"

मावशी म्हणाली, "रोज."

इथे फायदा होता.

बुधवारी, २४ तारखेला, लेस जवळजवळ पुरी झाली होती. अर्ध्या बोटाचं काम उरलं होतं. ते आपल्या हाताने पुरं करावं असं मावशीने ठरवलं. उद्या लोक हात हातात घेऊन कौतुक करणार, थोडं तरी खरं असावं. अनुयाने सकाळीच बजावलं होतं, संध्याकाळी घरी जेवायला या, रविवारच्या डोहाळजेवणाचं ठरवायचंय. डोहाळजेवण कुठे करायचं हे अनुया सासूला विचारत होती. मावशीच्या दृष्टीने लढाई संपली होती.

तिने मेणबत्ती लावली. हात जोडले. बुटक्या स्टुलावर चहा ठेवला. उशी मांडीवर घेतली.

लख्ख ठिपका उशीवर पडला.

बाहेर उजेड होता तोवर सगळं ठीक होतं. खिडकीतून गल्ली दिसत होती. कुत्रा फिरवणारा माणूस गेला. शाळेची मुलं गेली.

मग खिडकी काळी झाली.

खोलीत उरले फक्त पाच ठिपके. एक मावशीच्या उशीवर. बाकीचे चार, समोर आणि बाजूला, हवेत. तिथे उजेड पडायला उशी नव्हती, काही नव्हतं. ठिपका जमिनीवर पडायला हवा होता. तो मांडीच्या उंचीवर थांबला होता.

मावशीने चष्मा पुसला नाही. कारण हात मोकळे नव्हते.

टक टक.

हा आवाज तिच्या बॉबिनचा नव्हता.

समोरच्या ठिपक्यात काहीतरी हललं...

बोटं.

फक्त बोटं. लाल, भेगाळलेली, नखं खुरटलेली. ठिपक्याच्या आत येत, बॉबिन टाकत, बाहेर जात. ठिपक्याबाहेर मनगट नाही. बाही नाही. काही नाही.

मग उजव्या बाजूला. मग डाव्या.

चारही ठिपक्यांत हात होते.

कोणी मावशीकडे बघत नव्हतं. बघायला तोंडंच नव्हती. तरी तिला वाटलं, की तिचा वेग मोजला जातोय.

तिने उठायचं ठरवलं.

मन उठलं. पाय उठले नाहीत. कंबरेखाली आपण आहोत की नाही हेच तिला कळेना. स्टूल आता गार नव्हतं. खालून ऊब येत होती, निखाऱ्यांची, आणि ती ऊब तिला धरून होती.

हात थांबवायला गेली. हात थांबले नाहीत. आयुष्यात कधी चालले नव्हते इतक्या वेगाने ते चालत होते.

खिडकीबाहेर दिवे आले. गाडी. मिहीरची गाडी, तिने आवाजावरून ओळखली. तो कामावरून घरी चालला होता. हेडलाइटचा पट्टा खोलीवरून सरकला. तेवढ्या वेळात तिने समोर पाहिलं.

स्टुलं रिकामी होती.

पट्टा गेला. हात परत आले.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला, पण तिचा तिलाच ऐकू येईल इतका. पंचवीस पावलांवर तिचा मुलगा गाडी लावत होता. गाडीचं दार वाजलं. घराचं दार वाजलं. बाहेर शांत झालं.

मावशीने रामरक्षा सुरू केली. दोन ओळी झाल्या आणि तिच्या लक्षात आलं...

बॉबिन रामरक्षेच्या ठेक्यावर पडत होते.

पाचही उशांवर. एकसाथ.

तिने रामरक्षा गिळली.

मग तिने मेणबत्तीकडे पाहिलं. तासभर तरी झाला असेल. मेणबत्ती तसूभरही उतरली नव्हती. मेणाचा एक थेंब ओघळला नव्हता. ही संपायची नाही, हे तिला कळलं. या चौघी कशा बसून राहिल्या असतील तेही कळलं. महिनाभर रोज संध्याकाळी तिने त्यांना कामाला बसवलं होतं आणि सुट्टी एकदाही दिली नव्हती. वाटीखाली त्यांची मेणबत्ती जळतच होती.

पन्नास वर्षांचा नेम मोडायचं तिने ठरवलं. डोळे मिटले. देवाची माफी मागितली. छाती भरून श्वास घेतला आणि फुंकर मारली.

ज्योत हलली नाही.

पुन्हा मारली. जवळ वाकून मारली. ओठांना ज्योतीची धग लागत होती, पण ज्योतीला तिचा वारा लागत नव्हता.

बसलेल्यांच्या फुंकरीला तिथे आता किंमत नव्हती.

मावशी म्हणते, त्यानंतर ती रडली, आणि रडतानाही हात चालू होते. उशीवरचं काम पुरं झालं होतं. तरी ते संपत नव्हतं. संपलं की हात पुन्हा पहिल्या टाचणीला जात होते.

दार वाजलं.

इथून पुढची हकीकत मी अनुयाकडूनही ऐकली आहे, आणि दोघींची हकीकत जुळत नाही.

अनुया सांगते, आई जेवायला आल्या नाहीत, फोन उचलेनात, मिहीर अंघोळीला गेला होता, म्हणून ती कोट चढवून स्वतः आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मिट्ट काळोख. मेणबत्ती पेटलेली नव्हती. तिने भिंतीवरचं बटण दाबलं, ट्यूब लागली. आई एकट्या स्टुलावर बसल्या होत्या, डोळे मेणबत्तीवर, आणि हात उशीवर नुसते चालत होते. हातांत दोरा नव्हता.

मावशी सांगते, ट्यूब लागलीच नाही. अनुया आली तीही तिला दिसली नाही. फक्त आवाज आला.

"आई? अंधारात काय करताय?"

मावशीला एकच शब्द फुटला. "फुंक."

"काय फुंकू?"

"मेणबत्ती. फुंक गं बाई."

"पण आई, ती पेटलेली नाहीये."

"फुंक म्हणते ना."

अनुयाला वाटलं, स्ट्रोक आला असावा. डॉक्टरच्या घरातली सून. अशा माणसाशी वाद घालायचा नाही एवढं तिला ठाऊक होतं. तिने पोटाखाली एक हात दिला, तिवईवर वाकली, आणि वाढदिवसाच्या केकवर मारतात तशी लांब फुंकर मारली. न पेटलेल्या मेणबत्तीवर.

पुढच्या क्षणाबद्दल मात्र दोघी एकच सांगतात.

वातीतून धूर निघाला.

निळसर, सरळ, उंच. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा.

आणि चार स्टुलं फरशीवरून मागे सरकली. शाळा सुटल्यावर सरकतात तशी. एकदम.

वाऱ्याचा एक लोट दोघींच्या अंगावरून दाराकडे गेला. ओल्या लोकरीचा वास आला आणि गेला. मावशीचे हात उशीवर पडले. तिला उठता आलं. ती सुनेच्या गळ्यात पडली. तसं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

जाताना अनुयाने मागे वळून पाहिलं. चहाचा मग फरशीवर ठेवलेला होता. सांडला नव्हता, कोणीतरी हळूच उचलून ठेवावा तसा.

बुटकं स्टूल भिंतीजवळ नव्हतं. ते आत, गोलात होतं. मावशीच्या स्टुलाशेजारी.

उद्घाटन थाटात झालं. मेणबत्ती लावायला मावशीने साफ नकार दिला, आगीचं कारण सांगितलं, ट्रस्टला लगेच पटलं. आगीचं नाव काढलं की इंग्रज पुढे विचारत नाही. लेस काचेखाली गेली. उशीवरून काढल्यावर तिचं वळण नीट दिसलं. ट्रस्टच्या बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, किती गोड, बाळाच्या टोपीची झालर आहे ही.

मावशीने अनुयाकडे पाहिलं नाही.

मिसेस ओडेलने मात्र पाहिलं. तिने मावशीला कोपऱ्यात घेऊन विचारलं, काल तुझी मेणबत्ती कोणी फुंकली? मावशी या वेळी खरं बोलली.  म्हातारीने अनुयाच्या पोटाकडे एकदा पाहिलं, आणि ट्रस्टच्या बाईंना विचारलं, की ते बुटकं स्टूल मी घरी नेऊन चुलीत घालू का. बाई हसल्या. त्या स्टुलाला नंबर पडला होता, ते आता वारसा होतं. वारसा जाळता येत नाही.

त्या रात्री मावशी वरच्या खोलीत झोपली नाही. अनुयाच म्हणाली, "आई, तुम्ही आमच्याकडेच राहा." शेवटी 'हो' नव्हता.

फेब्रुवारीत मुलगी झाली. ईशानी. वर्षभरात त्यांनी कॉटेज विकलं आणि सगळे हॅरोला आले, अनुयाच्या माहेराजवळ. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाड्यांच्या आवाजात, माणसांच्या गर्दीत. मावशीला स्वतंत्र खोली मिळाली. नातीचं न्हाणं-माखणं, तिचा पहिला शब्द, पहिलं पाऊल, सगळं मावशीच्या मांडीवर झालं.

मागितलं होतं त्याहून जास्त मिळालं.

यंदा दिवाळीला मी त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळी साडेसहाची वेळ, बाहेर अंधारलेलं. घरात फराळाचा वास, मिहीर आकाशकंदिलाची वायर शोधत होता. आणि देवघरात विजेचा दिवा. लाल, प्लॅस्टिकचा. मावशीच्या घरात, दिवाळीला, विजेचा दिवा! मी थट्टा केली. तेलाची समई पुसून लावली आणि हात जोडले. मावशी स्वयंपाकघरात होती, नाहीतर मला लावू दिली नसती.

ईशानी कार्टून बघत होती. ती उठून आली. समईसमोर मांडी घालून बसली. मला वाटलं, काय गुणी पोर आहे, शुभंकरोती म्हणणार.

तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

बोटं हलायला लागली. उजव्या हाताचं डाव्यावरून, डाव्याचं उजव्यावरून. सफाईने. हातांत काही नाही.

आणि तरी मला ऐकू आलं...

टक टक.

मी म्हटलं, "ईशू, काय खेळतेस गं?"

ती समईवरून नजर न हलवता म्हणाली, "आजीला बोलाव ना. फुंकायला सांग. मला उठायचंय."

मावशी पिठाच्या हातांनी धावत आली. दिवा कधी न फुंकणारी माझी मावशी ऐन दिवाळीत देवापुढे गुडघ्यावर बसली आणि समई फुंकू लागली. एकदा. दोनदा. ज्योत हलेना. तिसऱ्यांदा अनुया आली, तिने सासूला बाजूला केलं आणि फुंकर मारली. तेव्हा विझली.

पोर उठली आणि कार्टून बघायला गेली.

अनुया नंतर भांडी घासताना मला म्हणाली, त्या दिवशी लेसशाळेत ती वाकली तेव्हा तिला स्पष्ट जाणवलं होतं, की फुंकर तिने एकटीने मारलेली नाही. पोटातूनही कोणीतरी मारली होती. तिने ते कोणाला सांगितलं नाही. मला का सांगितलं कोण जाणे.

मिसेस ओडेल गेल्या वर्षी वारली. विचारायला आता कोणी नाही. मी लेसशाळेत फोन केला होता. एका आनंदी आवाजाच्या मुलीने सांगितलं, सगळं जसंच्या तसं जपलंय, फक्त एक छोटं स्टूल रोज सकाळी गोलात सापडतं, सफाईवाले नीट ठेवत नाहीत.

येत्या फेब्रुवारीत ईशानीला पाच पूर्ण होतील.

मावशीला नात मिळाली. ट्रस्टला लेस मिळाली. त्या चौघींना सुट्टी मिळाली. मेणबत्ती लावली आजीने, फुंकली आईने.

बसली आहे ती मात्र ईशानी.